शोधसूत्राचा वृक्ष

‘केळी किंवा आंबे आणि दूध घेऊन ये,’ असे सांगून घरातील मुलाला बाजारात पाठविले, तर तो काय घेऊन येईल? दूध तर तो आणीलच. सोबत केळी मिळाली तर केळी आणील, नाही तर आंबे आणील. वास्तविक या वाक्याचा दुसराही एक अर्थ होतो. केळी मिळाली तर केवळ केळी आणावी, आणि आंबे मिळाले तर मात्र त्यांच्याबरोबर दूधही आणावे, हा तो अर्थ होय. व्याकरणाच्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच निर्दोष आहे. परंतु मुलाच्या मनात तो येतच नाही. घरी शिकरण किंवा आमरस करण्याचा बेत आहे हे त्याला ठाऊक असते. शब्दांनी जे सांगितले नाही ते प्रसंगाने सांगितलेले असते.

यंत्रापाशी प्रसंगाचे हे ज्ञान नसते. त्याला शब्दांची एक ओळ मिळते आणि त्या ओळीतून काही तरी एकच अर्थ काढणे त्याला भाग पडते. आज ग्रंथालयांच्या सूची, वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांचे संचय आणि एकस्वांची दप्तरे संगणकात साठविलेली असून त्यांतून हवे ते निवडण्यासाठी अशाच ओळी लिहाव्या लागतात. त्यांत शोधावयाचे शब्द असतात आणि त्या शब्दांना जोडणारे ‘आणि’, ‘किंवा’, ‘वजा’ हे संयोजक असतात. अशा ओळीस या पुस्तिकेत आपण शोधसूत्र म्हणू. शोधसूत्र दोन-तीन शब्दांचे असेपर्यंत ते वाचणे अवघड नसते. पण वैद्यकातील एखाद्या प्रश्नाचा पद्धतशीर आढावा घेणारे अभ्यासक जी सूत्रे वापरतात ती पानभर पसरलेली असतात. कंसात कंस, त्यात आणखी कंस, अशी त्यांची रचना असते. अशा सूत्राचा अर्थ डोळ्यांना दिसावा म्हणून त्याची वृक्षासारखी आकृती काढण्याची जी रीत आहे, तिची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

ही बाब केवळ ग्रंथपालांच्या सोयीची आहे असे समजण्याचे कारण नाही. सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर आपल्याकडे एकत्रित प्रतिविष तयार केले जाते. ते किती द्यावे, कोणत्या लक्षणांवर द्यावे, त्याचे दुष्परिणाम कसे आवरावेत, हे ठरविताना पूर्वी झालेल्या सर्व चाचण्या समोर असाव्या लागतात. एखादी चाचणी सापडलीच नाही, तर ती झालीच नव्हती असे धरून निर्णय होतो. असे न सापडणे प्राणावर बेतू शकते. २००१ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय विद्यापीठात दम्याविषयीच्या प्रयोगात हेक्झामेथोनियम हे द्रव्य हुंगविले गेल्यानंतर एक निरोगी तरुण स्वयंसेविका मरण पावली. या द्रव्याने फुप्फुसांस अपाय होतो असे सांगणारे लेख १९५० च्या दशकात छापले गेले होते. पण ज्या संचयात आधी शोध घेण्यात आला होता तो त्या वेळी १९६६ च्या मागे जात नव्हता. तेथे दोष सूत्राच्या रचनेचा नव्हता, संचयाच्या व्याप्तीचा होता. मात्र सूत्र चुकले तरी परिणाम तोच होतो, आणि आपले काही निसटले आहे हे शोधणाऱ्याला कळतही नाही.

शोधसूत्रांच्या मुळाशी जे बीजगणित आहे त्याचा जनक जॉर्ज बूल होय. इंग्लंडमधील लिंकन या गावी १८१५ साली एका चांभाराच्या घरी त्याचा जन्म झाला. विद्यापीठाचे तोंडही न पाहता तो स्वतःच गणित शिकला, सोळाव्या वर्षी शाळामास्तर झाला आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे गणिताचा प्राध्यापक म्हणून नेमला गेला. त्याची पत्नी मेरी ही भारताचे सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हिमालयाचे सर्वोच्च शिखर आणि आजचे शोधयंत्र यांच्यामध्ये असे एक घरगुती नाते आहे! १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बूलने दाखविले की, ‘निवड करणे’ या मानसिक क्रियेलाही गणिताचे नियम लावता येतात. जगातील सर्व वस्तूंतून साप निवडले आणि त्या निवडीतून पुन्हा साप निवडले, तर हाती सापच राहतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. साध्या अंकगणितात शून्य आणि एक हे दोनच अंक या नियमात बसतात, आणि बूलने आपल्या तर्कशास्त्रात शून्यास ‘काहीच नाही’ व एकास ‘सर्व काही’ असा अर्थ दिला.

पुढे जाण्यापूर्वी तिन्ही संयोजकांचा अर्थ नीट ठरवून घेतला पाहिजे, कारण बोलीतील त्यांचा अर्थ आणि सूत्रातील अर्थ यांत फरक आहे. ‘साप आणि विंचू यांवरील पुस्तके द्या,’ असे आपण ग्रंथपालास म्हणतो तेव्हा सापांवरची वेगळी आणि विंचवांवरची वेगळी, अशी दोन्ही पुस्तके आपणांस हवी असतात. सूत्रात मात्र ‘साप आणि विंचू’ याचा अर्थ ज्या लेखात दोहोंचा उल्लेख आहे तेवढेच लेख, असा होतो. बोलीतील ‘आणि’ भर घालतो, सूत्रातील ‘आणि’ कात्री लावतो. ‘किंवा’चीही तीच गत. ‘चहा घेणार की कॉफी’ या प्रश्नाला ‘दोन्ही’ असे उत्तर सभ्यपणाचे समजले जात नाही. पण सूत्रातील ‘किंवा’स दोन्ही चालतात, निदान एक असले म्हणजे झाले. खुद्द बूलची बेरीज परस्परांपासून पूर्ण वेगळ्या वर्गांपुरतीच होती. दोहोंत समाईक असलेल्यांनाही सामावून घेणारा आजचा अर्थ त्याच्या पाठोपाठ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने रूढ केला. ‘वजा’चा अर्थ अंकगणितातील वजाबाकीच्या जवळ आहे: आधीच्या निवडीतून पुढील शब्द ज्या लेखांत आहे ते काढून टाकावयाचे.

आता एक लहानसा संचय कल्पून पाहू. त्यात १०० लेखांची १०० कार्डे आहेत. ४० कार्डांवर ‘सर्पदंश’ हा शब्द आहे, १५ कार्डांवर ‘विंचूदंश’ आहे, आणि यांपैकी ५ कार्डांवर दोन्ही आहेत. ‘प्रतिविष’ हा शब्द एकंदर २५ कार्डांवर आहे: केवळ सर्पदंशाच्या १६, केवळ विंचूदंशाच्या ३, दोन्ही असलेल्या २ आणि यांपैकी काहीच नसलेल्या ४ कार्डांवर. (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, वाचकांनी ते कागदावर मांडून ठेवावेत, पुढे ते पुन्हा लागतील.) अभ्यासकाला साप व विंचू या दोहोंच्या दंशावरील प्रतिविषाची माहिती हवी आहे आणि तो सूत्र लिहितो:

सर्पदंश किंवा विंचूदंश आणि प्रतिविष

बाजारात पाठविलेल्या मुलापुढची अडचण येथे यंत्रापुढे उभी राहते. आधी ‘किंवा’ करावयाचा की आधी ‘आणि’? आधी ‘किंवा’ केला तर साप किंवा विंचू यांची ५० कार्डे निघतात आणि त्यांतून प्रतिविषाची २१ उरतात. आधी ‘आणि’ केला तर विंचूदंश व प्रतिविष दोन्ही असलेली ५ कार्डे निघतात, आणि त्यांत सर्पदंशाची सर्वच्या सर्व ४० मिळविली जातात. दोन कार्डे दोहोंत समाईक असल्यामुळे एकूण ४३ होतात. शब्द तेच, क्रम तोच, संचय तोच. उत्तर एकदा २१ आणि एकदा ४३.

कोणते यंत्र काय करील हे त्याच्या कर्त्यांनी ठरविलेल्या संकेतावर अवलंबून असते, आणि हे संकेत सर्वत्र सारखे नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा ‘पबमेड’ हा साडेतीन कोटींहून अधिक नोंदींचा संचय सूत्र डावीकडून उजवीकडे, जसे लिहिले तसे सोडवितो. ‘वेब ऑफ सायन्स’ या संचयात ‘आणि’ला ‘किंवा’पूर्वी मान आहे. काही ठिकाणी याच्या नेमके उलट आहे. म्हणजे आपले सूत्र पबमेडमध्ये २१ कार्डे देईल आणि वेब ऑफ सायन्सच्या संकेताने ४३ देईल. इतकेच नव्हे, तर पबमेडमध्येच शब्दांची अदलाबदल करून ‘प्रतिविष आणि सर्पदंश किंवा विंचूदंश’ असे लिहिले, तर प्रथम प्रतिविष व सर्पदंश यांची १८ कार्डे निघतील, त्यांत विंचूदंशाची १५ मिळतील, २ समाईक जातील, आणि उत्तर ३१ येईल. कंस घातल्याने हा घोटाळा मिटतो हे खरे. परंतु कंस हे आधीच ज्याच्या मनात रचना स्पष्ट आहे त्याने घालावयाचे असतात. ज्याला ती नुसत्या ओळीत दिसत नाही तो कंसही चुकीच्या जागी घालतो. कंसांची तीन-चार आवरणे झाली की कोणता कंस कोणत्या कंसाचा जोडीदार, हे बोटाने मोजत बसावे लागते.

ओळीत लपलेली रचना उघड करण्याची कला आपणांस नवी नाही. शाळेत वाक्यपृथक्करण करताना आपण तेच करीत आलो. मिश्र वाक्यातील प्रधान वाक्य कोणते, गौण वाक्य कोणते, आणि ते कोणावर अवलंबून आहे, हे शोधताना वाक्यातील शब्द बदलत नाहीत. फक्त कोण कोणाच्या अधीन आहे ते दाखविले जाते. ‘आणि’ हे समुच्चयबोधक व ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय, असे जे आपण पाठ केले, त्यातील ‘उभयान्वयी’ हा शब्द वृक्षाकृतीच्या दृष्टीने फारच अर्थपूर्ण आहे. प्रत्येक संयोजक दोन गोष्टींशी अन्वय ठेवतो. म्हणून त्याच्यापासून दोन फांद्या निघतात. झाडाच्या दोन फांद्या जेथे फुटतात त्या जागेस मराठीत बेचके म्हणतात. आकृतीतील अशा जागेसाठी कोणताही जडजंबाल पारिभाषिक शब्द बनविण्यापेक्षा हाच शब्द मी पत्करला आहे. शोधावयाचे शब्द म्हणजे पाने, कारण त्यांच्यापुढे फांदी फुटत नाही.

कृती अशी. सूत्रातील जो संयोजक सर्वांत शेवटी अमलात यावयाचा तो प्रथम शोधावा. तो सर्व कंसांच्या बाहेर असतो. त्याला शिरोभागी लिहावे. त्याच्या डावीकडचा भाग ही एक फांदी, उजवीकडचा भाग ही दुसरी. मग प्रत्येक भागात पुन्हा हाच शोध घ्यावा, आणि नुसते शब्द उरेपर्यंत असेच करीत जावे. आपल्या सूत्राचे दोन अर्थ घेतले तर दोन निरनिराळे वृक्ष मिळतात. (छपाईच्या सोयीसाठी फांद्या येथे डावीकडून उजवीकडे वाढविल्या आहेत.)

आकृती १

आणि (२१)
├── किंवा (५०)
│   ├── सर्पदंश (४०)
│   └── विंचूदंश (१५)
└── प्रतिविष (२५)

आकृती २

किंवा (४३)
├── सर्पदंश (४०)
└── आणि (५)
    ├── विंचूदंश (१५)
    └── प्रतिविष (२५)

ओळीत जो फरक दिसत नव्हता तो आता लहान मुलालाही दिसेल. पहिल्या आकृतीत प्रतिविष हे साप व विंचू या दोहोंवर अधिकार चालविते. दुसरीत सर्पदंश त्याच्या अधिकाराबाहेर, थेट शिरोभागाशी जोडला गेला आहे.

गणितज्ञांचा वृक्ष मूळ वर आणि पाने खाली असा काढला जातो, याचे पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना नवल वाटत असेल. आपल्याकडील वाचकांना ऊर्ध्वमूल अश्वत्थ गीतेच्या पंधराव्या अध्यायातून परिचित आहे. गणितात या आकृतींना ‘वृक्ष’ हे नाव १८५७ साली आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने दिले. तर्कशास्त्रात विधाने ओळीत न लिहिता पानभर पसरून रेषांनी जोडण्याचा धाडसी प्रयत्न जर्मनीत गॉटलोब फ्रेगे याने १८७९ मध्ये केला. त्याची पद्धती फार जागा खाते, अशी तक्रार तत्कालीन समीक्षकांनी केली आणि ती मागे पडली. कागद महाग होता, खिळे जुळविणाऱ्यांचे हाल होते. तक्रारीत तथ्य होते. पण आकृती काढून देणारे यंत्र हाताशी आल्यावर या तक्रारीचा जोर ओसरला.

यंत्र ओळीतून वृक्ष कसे काढते? त्याला ‘शेवटचा संयोजक’ नजरेने टिपता येत नाही. ते एका वेळी एकच शब्द पाहते. याची एक सुरेख रीत नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६१ साली मांडली आणि तिला रेल्वेच्या यार्डाची उपमा दिली. भुसावळ किंवा मनमाडसारख्या जंक्शनवर डब्यांचा क्रम बदलण्यासाठी काही डबे बाजूच्या रुळावर सरकवून ठेवतात आणि योग्य वेळी मुख्य मार्गावर आणतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत समजावयास वेळ लागणार नाही. सूत्रातील प्रत्येक शब्द किंवा चिन्ह हा एक डबा. शोधावयाचे शब्द थेट पुढे जातात. संयोजक बाजूच्या रुळावर थांबतात. सुरुवातीचा कंस आला की तोही तेथेच जाऊन उभा राहतो व मागे थांबलेल्यांची वाट अडवितो. शेवटचा कंस आला की त्याच्या जोडीदारापर्यंतचे सर्व संयोजक मुख्य मार्गावर सोडले जातात आणि कंसांची जोडी मोडीत निघते. नवा संयोजक येताना आधीच उभ्या असलेल्याचा मान त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा असेल, तर आधीचा प्रथम बाहेर पडतो. नाही तर नवा त्याच्यापुढे उभा राहतो. ओळ संपली म्हणजे उरलेले सर्व बाहेर येतात.

‘(सर्पदंश किंवा विंचूदंश) आणि प्रतिविष’ हे सूत्र या यार्डातून काढले तर पलीकडे गाडी अशी लागते: सर्पदंश, विंचूदंश, किंवा, प्रतिविष, आणि. कंस नाहीसे झाले, पण अर्थ एकच उरला. कंसांवाचून लिहिण्याची मूळ कल्पना पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वूकाशेविच यांची. त्यांनी संयोजक आधी लिहिले, येथे ते शेवटी येतात, म्हणून हिला उलटी पोलिश पद्धती म्हणतात. इंग्रजी वाचकाला ही रचना विचित्र वाटते. मराठी माणसाला ती तशी वाटू नये. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हाच आपल्या वाक्याचा नैसर्गिक क्रम आहे: साप नि विंचू यांचा विकल्प करावा, त्याचा प्रतिविषाशी समुच्चय करावा.

आता वृक्ष बांधणे अगदी सोपे. ताटांची चळत असते तशी एक चळत कल्पावी. गाडीतील शब्द क्रमाने येतील तसे एकावर एक ठेवावेत. संयोजक आला की वरची दोन ताटे उचलावीत, त्यांना दोन फांद्या करून त्या संयोजकाच्या बेचक्याला जोडावे, आणि ते सगळे मिळून एक ताट समजून पुन्हा चळतीवर ठेवावे. गाडी संपेल तेव्हा चळतीवर एकच ताट उरते. तोच पूर्ण वृक्ष. दोन ताटे उरली किंवा उचलावयास दुसरे ताटच नसले, तर सूत्रात कोठे तरी संयोजक किंवा शब्द गळाला आहे असे खुशाल समजावे. पबमेड आणि वेब ऑफ सायन्स यांच्या संकेतांतील फरकही या यार्डात नेमका दाखविता येतो. रूळ तेच, रीत तीच. फक्त एका ठिकाणी ‘आणि’ व ‘किंवा’ यांना सारखा मान दिला आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘आणि’ला अधिक.

वृक्षाचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग वरील आकृत्यांत कंसात लिहिलेल्या आकड्यांत आहे. पानांपासून आरंभ करून प्रत्येक बेचक्याशी किती लेख उरले ते लिहीत वर जावे. एखाद्या पानाशी शून्य दिसले तर बहुधा शब्दाचे स्पेलिंग चुकले आहे. ‘किंवा’च्या बेचक्याशी आकडा दोन्ही पानांपैकी मोठ्यापेक्षा कमी असू शकत नाही, आणि ‘आणि’च्या बेचक्याशी तो लहान पानापेक्षा अधिक असू शकत नाही, हा नियम मोडलेला दिसला तर संयोजक चुकला आहे. आकृती २ पाहा. शिरोभागी ४३ आणि एकट्या सर्पदंशाचे ४०, म्हणजे सापांवरील एकही लेख गाळला गेला नाही; प्रतिविषाने तेथे काही कामच केले नाही, हे आकड्यांवरून ताबडतोब उमगते. नुसत्या ओळीखाली ४३ हा आकडा छापून आला असता तर त्याचा संशय कोणाला आला असता?

प्रत्यक्षातील सूत्रांचे वृक्ष इतके सुबक नसतात. प्रतिविषाला इंग्रजीत ‘अँटिव्हेनम’ आणि ‘अँटिव्हेनिन’ अशी निरनिराळी रूपे आहेत. सापांची सामान्य नावे, शास्त्रीय नावे आणि शास्त्रीय नावांची जुनी रूपे आहेत. ही सर्व ‘किंवा’ने जोडावी लागतात. दोन-दोन फांद्यांच्या नियमाने वीस समानार्थी शब्दांसाठी एकोणीस बेचकी लागतील आणि वृक्ष ताडासारखा उंच होईल. पण ‘किंवा’खाली ‘किंवा’च असेल तर मधली बेचकी काढून सर्व पाने एकाच बेचक्याला लावता येतात, कारण क्रम कोणताही घेतला तरी उत्तर बदलत नाही. अशी छाटणी केली की चांगल्या सूत्राची ठेवण एकदम ओळखू येते: शिरोभागी एक ‘आणि’, त्याखाली दोन-तीन ‘किंवा’, आणि प्रत्येकाखाली समानार्थी शब्दांचा घोस. एक घोस रोगाचा, एक उपचाराचा, क्वचित एक अभ्यासाच्या प्रकाराचा. या ठेवणीत न बसणारी फांदी दिसली तर ती चूकच असते असे नाही, पण तिने आपल्या अस्तित्वाचे कारण द्यावे असे म्हणावयास हरकत नाही.

वृक्षाऐवजी दुसरी चित्रेही सुचविली गेली आहेत. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात डेगी यंग व बेन श्नायडरमन यांनी १९९३ साली सूत्राचे चित्र पाण्याच्या प्रवाहासारखे काढले. ‘आणि’ म्हणजे एकापुढे एक बसविलेल्या दोन गाळण्या, ‘किंवा’ म्हणजे शेजारी-शेजारी फुटलेले दोन पाट, पुढे पुन्हा एकत्र मिळणारे. ज्याने बागायतीत दारी धरून पाणी वळविले आहे त्याला हे चित्र कदाचित वृक्षाहूनही जवळचे वाटेल. त्यांच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांना लिखित सूत्रापेक्षा हे चित्र अधिक चांगले समजले. अलीकडे टोनी रसेल-रोज यांच्या ‘टूडीसर्च’ या साधनात शब्दांचे ठोकळे पटावर मांडून एकात एक बसविता येतात, आणि नको असलेला घोस मिटवूनही ठेवता येतो. मोठ्या सूत्रांसाठी ही मिटविण्याची सोय फार महत्त्वाची आहे. तीनशे पानांचा वृक्ष पूर्ण उघडा ठेवला तर तो ओळीइतकाच दुर्बोध होतो.

मात्र वृक्षाकडून नको ती अपेक्षाही करू नये. कॅनडातील मार्गारेट सॅम्पसन व जेसी मॅकगोवन यांनी पद्धतशीर आढाव्यांत वापरलेली ६३ शोधसूत्रे तपासून २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६३ पैकी ५७ सूत्रांत एक तरी चूक निघाली. संयोजकांच्या चुका १९ टक्के सूत्रांत होत्या. त्या वृक्षाने उघड होतात. पण सर्वांत अधिक, म्हणजे ४४.४ टक्के सूत्रांत आढळलेली चूक निराळीच होती: योग्य विषयशीर्षकच घालावयाचे राहिले होते. जे पान झाडाला लागलेच नाही ते आकृतीत कसे दिसावे? महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधासह प्रतिविष द्यावे की नुसते प्राझोसिन द्यावे याची चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. ज्याने आपल्या सूत्रात विंचवाचे पानच ठेवले नाही त्याचा वृक्ष कितीही रेखीव असला तरी हा लेख त्याच्या हाती लागेल याची शाश्वती नाही. त्यासाठी विषय जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाने सूत्र वाचले पाहिजे. वृक्ष त्या वाचणाऱ्याचे काम हलके करतो, इतकेच.

‘वजा’ या संयोजकाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण तो वापरण्याचा मोह फार होतो. ‘विंचूदंश आणि प्रतिविष’ याची आपल्या संचयात ५ कार्डे आहेत. सापांवरील लेखांची अडगळ नको म्हणून कोणी पुढे ‘वजा सर्पदंश’ असे लिहिले, तर ३ कार्डे उरतात. गेलेल्या दोन कार्डांत विंचूदंशाचीही माहिती होती. सापाचा उल्लेख केला एवढ्याच अपराधासाठी ती बाहेर गेली. वृक्षात ‘वजा’चे बेचके रंगीत शाईने काढण्याची सवय लावून घ्यावी.

‘वजा’च्या उजवीकडे कंस असेल तर ऑगस्टस डी मॉर्गन याचा नियम उपयोगी पडतो. हा बूलचा समकालीन व स्नेही इंग्रज गणितज्ञ १८०६ साली आपल्याकडे मदुराई येथे जन्मला, आणि दिल्लीचे गणितज्ञ रामचंद्र यांचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा प्रसिद्ध व्हावा म्हणून त्यानेच खटपट केली. त्याचा नियम सांगतो की, ‘हे किंवा ते’ यांचा निषेध म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’. वाचकांनी पुढील सूत्राचे दोन वृक्ष स्वतः काढून पाहावेत. एक पबमेडच्या डावीकडून उजवीकडे जाण्याच्या संकेताने, आणि दुसरा शेवटच्या दोन शब्दांभोवती कंस घालून:

प्रतिविष वजा सर्पदंश किंवा विंचूदंश

पहिल्या वृक्षाच्या शिरोभागी ‘किंवा’ येतो. त्याच्या एका फांदीवर प्रतिविषाच्या २५ कार्डांतून सर्पदंशाची १८ गेल्यावर उरलेली ७ कार्डे असतात, दुसरीवर विंचूदंशाची १५. तीन समाईक असल्याने उत्तर १९ येते, आणि ज्या विंचवाला वगळावयाचे होते त्याचीच १५ कार्डे त्यांत असतात. दुसऱ्या वृक्षाच्या शिरोभागी ‘वजा’ येतो, आणि २५ मधून २१ जाऊन ४ उरतात. डी मॉर्गनच्या नियमाप्रमाणे ही चार कार्डे म्हणजे ज्यांवर प्रतिविष आहे, सापही नाही आणि विंचूही नाही अशी.